सोन्याला थंडी वाजते

आमच्या घरात एसी लावायचा की नाही, हे साप ठरवतो.

इथे आखातात, हवल्लीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हा गृहस्थ माझ्या मुलीच्या, इराच्या कृपेने आला. वाढदिवसाला तिने कॉर्न स्नेक मागितला. (बिनविषारी असतो म्हणे. मी विचारायच्या आत तिने तीनदा सांगितलं.) मी निर्धास्त होतो. भिंतीवर पाल दिसली तरी माझी बायको शुभदा खुर्चीवर चढून मला हाका मारते. ती सापाला घरात घेईल? घेतलं की! शुक्रवारच्या बाजारातून आलेलं ते केशरी वेटोळं पाहून म्हणाली, "अगंबाई, किती गोड! याला सोन्याच म्हणू या."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अजून 'अहो'च आहे.

मग लाड सुरू झाले. फ्रीजरमध्ये माझ्या सुरमईला जागा नाही, पण आइस्क्रीमच्या डब्यात सोन्याचे गोठवलेले उंदीर ऐटीत! तिकडे अहमदी गावच्या साइटवर दिवसभर उन्हात भाजून मी घरी येतो, एसीचा रिमोट उचलतो, तोच आतून आवाज, "अहो, नको! सोन्याला थंडी वाजते." मला सर्दी झाली होती तेव्हा हीच बाई "वाफ घ्या" म्हणून मालिका बघायला गेली होती. सरळच सांगतो, मी जळत होतो. सापावर!

त्यात नागपंचमी आली. आमच्या मंडळातल्या बायका दरवर्षी पाटावर चंदनाने नाग काढून पुजतात. शुभदाने यंदा सगळ्यांना फोन केले, "आमच्याकडे या. जिवंत आहे!"

"आई, ही इज नॉट अ नाग," इरा म्हणाली. "अँड नो मिल्क, प्लीज!"

"असू दे. त्यांच्यातलाच आहे ना?"

बायका यायची वेळ झाली आणि सोन्याची पेटी रिकामी! इराने मोबाइलचा टॉर्च मारून शोधलं. सोफ्याच्या बुडाचं कापड जरासं उसवलं होतं, तिथून शेपटीचं टोक आत जाताना दिसलं. मी लगेच कात्री आणली.

"अहो!" शुभदा किंचाळली. "आज काही चिरायचं-कापायचं नसतं!"

"अगं, सोफा आहे हा, भेंडी नाही!"

"आत तो आहे! लागलं त्याला म्हणजे?"

"बाबा, ही विल कम टू समथिंग वॉर्म," इरा म्हणाली. शुभदाने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. आणि उन्हाळाभर ज्या एसीसाठी मी तडफडलो, तो फुल्ल सुटला. मला मात्र सोफ्यावर बसवून अंगावर गोधडी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी!

पैठण्या नेसून, लाह्यांच्या वाट्या घेऊन बायका आल्या.

"भाऊजींना बरं नाही का?"

"त्यांना काय झालंय! खाली सोन्या आहे."

सगळ्याजणी समोर बसून माझ्या गोधडीकडे टक लावून पाहू लागल्या. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलं, यावं याने. एवढ्या लोकांत यावं, ते माझ्याकडे यावं. मी हळूच "सोन्या, ये रे," असंही म्हणून पाहिलं.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे सलीमभाई! रत्नागिरीचे, स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवतात, दरवर्षी शुभदाच्या हातची पुरणाची दिंडं खायला येतात. रस्त्यावरच्या उन्हातून थेट आलेले, नखशिखांत तापलेले. "काय रे, ताप आला काय तुला?" म्हणत ते माझ्या शेजारी टेकले.

सोफ्याच्या फटीतून केशरी डोकं बाहेर आलं. जीभ लपलपली. मी श्वास रोखला. सोन्या माझ्या गोधडीवर चढला, गरम पिशवी ओलांडली आणि सरळ सलीमभाईंच्या दंडावरून त्यांच्या गळ्यात!

"या अल्ला! वहिनी, काढा ह्याला!"

"हलू नका, सलीमभाई! इरा, निरांजन आण!"

सोन्याला ओवाळलं. सोन्याबरोबर सलीमभाईही ओवाळले गेले. फोटो निघाले. पहिलं दिंड, वर तुपाची धार, तेही त्यांनाच! "मुक्या जिवाला माया बरोबर कळते हो," शुभदा म्हणाली. मी गोधडीत शिंकलो. "वाफ घ्या," ती म्हणाली.

तेव्हापासून साइटवरून आलो की मी लगेच लिफ्टकडे जात नाही. एसी गाडीतून उतरून आधी पार्किंगमध्ये भर उन्हात उभा राहतो. परवा बिल्डिंगच्या वॉचमनने विचारलंच, "साहब, किसी का इंतजार है?"

मी त्याला म्हटलं, "सलीमभाई आ गए क्या? आज कितने गरम थे?"