दिगंबरची पट्टी

दिगंबर साने कलकत्त्यात गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत छत्तीस वर्षं फायली हलवत होता आणि जवळजवळ तेवढीच वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या ताफ्यात तुणतुणं वाजवतो आहे. तुणतुण्याला एकच तार आणि तिचा एकच सूर. मिरवायला त्यात काही नाही. पण आमच्यात सगळ्यांनी जुळवून घ्यायचं ते त्याच तारेशी. दिगंबर खुंटी पिळतो, कान लावतो, "घ्या" म्हणतो. मग अरुणचा दोतारा, माझं मेंडोलिन आणि सुचित्राताईंचा गळा, सगळे तो सूर घेतात. पेटी आम्ही ठेवलीच नाही. ट्रेनमध्ये ती चढवणार कोण, हा एक प्रश्न. आणि दिगंबर असताना हवी कशाला, हा दुसरा. निवृत्तीनंतर तेवढं एक "घ्या" त्याच्याकडे उरलं होतं.

सुचित्राताई निवृत्त शिक्षिका. गणपतीत, हळदीकुंकवाला, दुर्गापूजेनंतर पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, विजया संमेलनात आम्ही वाजवतो आणि त्या गातात. वय अडुसष्ट, पट्टी काळी चार, तरुणपणापासून तीच. हे त्या स्वतःच सांगतात, जरा वारंवार.

गेल्या वर्षी नूपुर ताफ्यात आली. बँकेत अधिकारी, पुण्याहून एस्प्लनेडच्या शाखेत बदली, व्हायोलिन चांगलं वाजवते. कानामागून आली आणि तिखट झाली, असं अरुण म्हणतो, ते अगदीच खोटं नाही. संक्रांतीला बराकपूरच्या मराठी फौजी कुटुंबांकडे आमचा कार्यक्रम होता. पडद्यामागे दिगंबरनं सूर दिला आणि नूपुरनं सूर ओळखणारं ॲप लावून आपला फोन तुणतुण्याजवळ धरला.

"काका, ही काळी चार नाहीये. काळी तीन आहे. एक अख्खा स्वर खाली."

सुचित्राताई म्हणाल्या, "दिगंबरराव, कान तपासून घ्या एकदा. काळी चार लावा."

"आज राहू द्या," दिगंबर म्हणाला. "पुढच्या वेळी बघू."

"लोकांसमोर चुकीच्या पट्टीत गायचं का मग?" सुचित्राताई म्हणाल्या.

मीही गप्प बसलो नाही. यापुढे सूर नूपुरनं फोन बघून द्यावा, असं मी सुचवलं. दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि फोन सांगेल तिथवर तार चढवली.

तिसऱ्या कडव्यात वरच्या षड्जाला सुचित्राताईंचा आवाज फाटला. त्या खोकल्या, उरलेलं गाणं खाली ओढून कसंबसं संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिळगूळ वाटायचा राहिला होता, म्हणून असेल.

सियालदाला येणाऱ्या दुपारच्या गाडीत त्या दिगंबरसमोर बसल्या.

"केव्हापासून?"

"तुमच्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. सहा वर्षं. थोडी थोडी उतरवत आणली."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही गाणं सोडलं असतं."

"सोडायचं की नाही ते मी ठरवलं असतं. सहा वर्षं मी जगाला काळी चार म्हणून सांगत फिरतेय, दिगंबरराव."

मला स्वतःची लाज वाटली. त्या सहा वर्षांत माझ्या तारा मला सारख्या सैल कराव्या लागत होत्या आणि मी कलकत्त्याच्या दमट हवेला शिव्या देत होतो. ज्याचा कान शाबूत होता त्याच्याकडूनच सूर काढून घ्या, असं मी म्हणालो होतो.

पुढच्या तालमीला सुचित्राताई येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. दिगंबरही कोपऱ्यात बसला होता, तुणतुणं पिशवीतच. त्या आल्या, सतरंजीवर बसल्या. नूपुरनं फोन काढला, तो त्यांनी ठेवायला लावला.

"सूर दिगंबररावच देतील. पण पट्टी मी सांगणार."

दिगंबरनं पिशवी सोडली आणि सवयीनं काळी तीन लावली. त्यांनी ती ऐकली.

"अजून खाली."

त्यानं खुंटी सैल केली.

"अजून."

दिगंबरचा हात थांबला. "ताई, मी उतरवली होती ती तरी बसत होती ना तुम्हाला?"

"नव्हती बसत. ओढत होते. घरी गेल्यावर दोन दोन दिवस गळा दुखायचा." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "मला वाटायचं, काळी चारच आहे, सगळे तिच्यावर वाजवतायत, मी कशी खाली मागू?"

दिगंबरनं तार आणखी उतरवली आणि तुणतुणं उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. तेवढ्या खालचा सूर मिळवायला आम्हाला त्या दिवशी थोडा वेळ लागला.