राखेनं घासलेला डबा

मी पांढुर्ण्यात शाळेत शिकवते. रोज कचऱ्याच्या बादलीत तेलाच्या, मसाल्याच्या, बिस्किटांच्या प्लास्टिकच्या पन्न्यांचा ढीग बघून एक दिवस माझं डोकंच फिरलं आणि मी किराण्याला घरचे डबे नेऊ लागले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, भांड्याचं दुकान टाकून राहिल्या का?" मी चिडले, पण डबे सोडले नाहीत. सौसरकडे सासरी शेतावरच्या घरी गेले की तिथेही माझं हेच पुराण चालायचं.

धाकट्या जावेनं ते मनावर घेतलं. यंदा पोळ्याला ती बसनं आली ती मोठा पांढरा डबा मांडीवर सांभाळत.

"ताई, घाणीवरचं फल्लीचं तेल हाय. घाणीवाला पन्नीत देऊन राहिला होता. म्या म्हटलं, आमच्या ताईले नाई चालत. घरचाच डबा नेला होता."

शेंगदाण्याचं ताजं तेल, तेही घरच्या डब्यात! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वड्यांसाठी कढई चढवलीच होती. तेल ओतायला डबा तिरपा केला, तर मुठीखाली बोटाला खरबरीत कागद लागला. खरवडायचं राहून गेलेलं लेबल होतं ते. लाल त्रिकोण आणि अर्धी कवटी. मी डबा पुन्हा सरळ केला.

"हा डबा कशाचा गं?"

"फवारणीच्या औषधाचा. कपाशीवर मारतो ना, त्याचा. पण म्या राखेनं घासला, सोड्यानं धुतला, उन्हात वाळवला. वास घेऊन पाहा ना."

वास खरंच नव्हता. त्यानंच मी जास्त घाबरले. गॅस बंद केला आणि ओरडलेच, "अगं, विष आहे ते! कितीही धुतलं तरी डब्यात राहतं!"

तिनं डब्याचं झाकण लावलं. "एवढं चांगलं तेल..." एवढंच म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "मंग ताई, वावरातल्या पाण्याचं कसं?"

"कोणतं पाणी?"

"पेवाचं, तहान लागल्यावरचं. ते बी असल्याच डब्यात नेतो आम्ही."

मी तडक दिराला फोन लावला. म्हटलं, "भाऊजी, फवारणीच्या डब्यातलं पाणी कुणीही पिऊ नका. आत्ताच्या आत्ता ओतून द्या."

तो हसला. "काहून वहिनी? तुमच्या लग्नाच्या आधीपासून त्यातलंच पेऊन राहिलो आम्ही. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही पोराईले घेऊन संत्र्याच्या बगिच्यात आल्या होत्या, तवा तुम्ही बी त्यातलंच पेल्या. वरून ओलं पोतं गुंडाळलं होतं ना, तोच डबा. थंडं हाय म्हणून पोरं तर पुन्हा पुन्हा मागून पेले. झालं का काही?"

वड्यांची वाट बघून कंटाळलेली मुलं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. फोन कानाला तसाच धरून मी त्यांच्याकडे बघत राहिले.