पौंडमामांची जीप

पौंडमामांनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या वजनाचा. मी नाशिकहून येऊन त्याच सकाळी औरंगाबादच्या क्षय-तपासणी पथकात एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले होते. कचेरीच्या अंगणात एक लांबोडकी जीप उभी होती आणि पथकाचा ड्रायव्हर, खाकी कपड्यांतला एक उंच, वाळका माणूस, मागच्या टायरवर तळहात ठेवून उकिडवा बसला होता, वैद्य नाडी बघतो तसा. मी नमस्कार केला. त्यांनी मान वर करून मला न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, किती पौंड?"

"काय किती पौंड?"

"वजन. तुमचं."

मला भयंकर राग आला. पण त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. मला आत नेऊन त्यांनी रोग्यांच्या वजनकाट्यावर उभं केलं, काटा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि खिशातल्या खडूनं जीपच्या मागच्या फाळक्यावर आकडा लिहिला. अठ्ठ्याण्णव. "डॉक्टरसाहेब एकशे बहात्तर, ते पुढं बसतात. तुम्ही मागं, डाव्या अंगाला. म्हंजी जनरेटर उजवीकडं चार बोटं सरकवावा लागंल," असं स्वतःशीच बोलत ते कामाला लागले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. माणूस, सामान आणि टायरमधली हवा, तिन्ही ते पौंडांतच मोजत. बाजारात किलो येऊन बरीच वर्षं झाली होती. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "किलो दुकानदाराला. गाडीला पौंडच कळत्यात."

फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा. घरच्या जमिनीत तीन भावांचं भागेना, म्हणून शहागंजातल्या एका मोटार दुरुस्तीवाल्या उस्तादाकडे राहिला. त्या उस्तादाचं बोलणं ते दखनीतच सांगत: "पहले माल देखो, फिर हवा देखो, फिर चाबी को हात लगाव." पुढे निजामाच्या एका खात्यात मालमोटारीवर लागले. पोलीस ॲक्शन झाल्यावर त्या खात्याच्या गाड्या नव्या सरकारकडे गेल्या. मामा सांगत, "गाडी सरकारजमा झाली. मी बी तिच्यात बसलेलो होतो, मी बी जमा झालो."

आमच्या जीपमध्ये सामान भरणं हा एक सोहळाच असे. एक्स-रेच्या यंत्राची मोठी पेटी, तिचा लोखंडी स्टँड, जनरेटर, फिल्म धुण्यासाठी काळा तंबू, पाण्याचे दोन डबे, औषधं. माझ्या आधीच्या तंत्रज्ञानं कधी या कामाला हात लावला नव्हता म्हणे. मला मात्र कुतूहल गप्प बसू देईना. जड पेटी मागच्या टोकाला का नाही? तर मागे लटकलेलं वजन पुढची चाकं उचलतं, मग स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. टपावर तंबूशिवाय काही का नाही? तर वर वजन गेलं की गाडी वळणावर झुलते. पाण्याचे डबे काठोकाठ का भरायचे? यावर त्यांनी एक अर्धा भरलेला डबा माझ्या हातात दिला आणि अंगणात एक चक्कर मारून यायला सांगितलं. आतलं पाणी डचमळून मला असं एका बाजूला ओढायला लागलं, की मी परत येईपर्यंत माझं उत्तर मला मिळालं होतं.

टायरवर त्यांनी खडूनं एक आडवी रेघ मारलेली असे, अर्धी लोखंडी रिमवर आणि अर्धी रबरावर. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. मी तसं विचारलं तेव्हा मामा पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "नाय बाई. हवा कमी असली अन् वर वजन असलं, की टायर रिमवर हळूच सरकतो. सरकला की आतल्या ट्यूबचा वॉल, हवा भरायची नळी, तुटतो. ही रेघ मोडली दिसली की समजायचं, घसरगुंडी सुरू झाली." त्या दिवसापासून गाडी कुठेही थांबली की मी आधी उतरून चारही रेघा बघायला लागले. मामांना ते आवडायचं. माझं बघून झाल्याशिवाय ते बिडीही पेटवत नसत.

हवा ते सकाळी, गाडी हलायच्या आत मोजत. एकदा भर दुपारी खुलताबादच्या पुढे मी हौसेनं त्यांचं हवा मोजायचं नळकांडं घेऊन मागच्या टायरला लावलं. चार पौंड जास्त! मी लगेच म्हटलं, "मामा, काढून टाकू का जास्तीची?"

त्यांनी माझ्या हातातून नळकांडं अलगद काढून घेतलं. "माणसाला ताप आला म्हणून त्याचं रक्त काढता का तुम्ही? ही हवा जास्त नाय, गरम हाय. गार झाली की जिथल्या तिथं येती. आत्ता काढली तर उद्या सकाळी चार पौंडांनी कमी भरंल."

शिवना नदीपलीकडच्या एका गावी आम्ही वर्षातून तीनदा जात असू. उन्हाळ्यात पात्र कोरडं, नुसती वाळू. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा काठावर गाडी थांबवून मामांनी चारही टायरची हवा सोडायला सुरुवात केली. फुस्स आवाज ऐकून मी धावत त्यांच्याजवळ गेले. इतकं सामान वर असताना हवा वाढवायची की कमी करायची? त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं. मी टाचेची चप्पल घातली होती. "तेवढं घालून वाळूत दहा पावलं चाला. मग काढून चाला." मी चालले. चप्पलेची टाच दर पावलाला वाळूत रुतत होती. अनवाणी चालले तेव्हा पाय पसरून वर राहत होता. "टायर बी तसाच," मामा म्हणाले. "पण पलीकडच्या कठीण रस्त्याला लागलं की तोच पसरलेला टायर तापून फाटतो. तिथं परत भरायची." मग त्यांनी डॉक्टरसाहेबांना आणि मला खाली उतरवलं, आम्ही नदी पायी ओलांडली आणि शेजारून जीप संथपणे, चाक वाळूत नुसतं गरगरू न देता पार झाली.

त्याच गावात, दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात ते घडलं.

सकाळपासून आम्ही तीसेक माणसं तपासली होती. कौसाबाई नावाची एक पंचविशीतली बाई फोटो काढून बाहेर गेली. तिच्या डाव्या फुप्फुसात मोठी पोकळी दिसत होती. मी ओली फिल्म डॉक्टरसाहेबांना दाखवत होते, तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. कौसाबाई झाडाखाली बसून रक्त ओकत होती. थोडंथोडकं नाही, ओंजळीनं. तिचा नवरा तिचं डोकं धरून "डॉक्टर, डॉक्टर" एवढंच म्हणत होता.

डॉक्टरसाहेबांनी तिला डाव्या कुशीवर निजवलं, इंजेक्शन दिलं. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त चढवायची सोय नव्हती. औरंगाबाद गाठायलाच हवं होतं. साहेब जीपकडे बघून म्हणाले, "सगळं खाली काढा."

मामांनी विचारलं, "मशीन बी, साहेब?"

"मशीनही. चला, वेळ नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तिघांच्यामध्ये हातभराचंही अंतर नव्हतं.

यंत्राची पेटी, जनरेटर, स्टँड, सगळं पोलीस पाटलांच्या ओट्यावर ठेवलं. "कुणी हात लावू नका," असं मामा दोनदा बजावून आले. कौसाबाईबरोबर बाईमाणूस हवं होतं, म्हणून मला जाणं भागच होतं. मामांनी मागच्या बाजूला गोधड्या अंथरल्या, तिला मागच्या दोन्ही चाकांच्या पुढे, मध्यावर निजवलं, नवऱ्याला पायांशी बसवलं, मला डोक्याशी. एवढ्या घाईतही ते मनात वजन मांडत होते. हवा येतानाच कमी केलेली होती, आणि गाव काठालाच असल्यानं ती परत भरली नव्हती. सामान उतरल्यामुळे जीप वाळूवरून होडीसारखी गेली.

पलीकडच्या काठावर कठीण जमीन लागली आणि मामांनी गाडी थांबवली. सीटखालून पायाचा पंप ओढला.

डॉक्टरसाहेब भडकले. "मामा, इथे माणूस मरतंय! चला तसेच!"

"साहेब, डांबर तापलंय. या हवेवर पळवली तर तासाभरात टायर जाईल. मग तिला घेऊन आपण रस्त्यात बसू." पंपाची नळी लावता लावताच ते बोलत होते. "मागची दोन पुरी भरतो, तिथंच वजन हाय. पुढची निम्मी. दहा मिनिटं द्या मला."

ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरले नाही. मामा दमले की कौसाबाईचा नवरा पंप मारी, तो दमला की मी. साडीचा ओचा कमरेला खोचून मी मोठ्यानं आकडे मोजत होते, कारण आकडे थांबले असते तर मी रडले असते. आत साहेब तिची नाडी धरून बसले होते. मामांनी नळकांडं लावून पाहिलं, मान हलवली आणि पंप आत फेकला.

वाटेत त्यांनी गाडी फक्त एकदा थांबवली, रेघा बघायला. रेघा जागच्या जागी होत्या. दुपार कलायच्या आत आम्ही औरंगाबादला पोचलो. कौसाबाईला रक्त मिळालं. ती जगली. पुढे दीड वर्ष औषधं घेऊन बरी झाली आणि एकदा पिशवीभर शेंगा घेऊन कचेरीत आली. ती यायच्या आधी मात्र बरंच काही होऊन गेलं होतं.

आम्ही दुसऱ्या दिवशी यंत्र आणायला गेलो. ओट्यावर ऊन आलं म्हणून गावातल्या चार भल्या माणसांनी पेटी सावलीत न्यायला उचलली होती. एकाचा हात सुटला. आतली काचेची नळी फुटली होती. ती माणसं हात जोडून उभी होती. मामा त्यांना म्हणाले, "जाऊ द्या. तुम्ही चांगल्यासाठीच केलं."

चौकशी लागली. यंत्र महागाचं होतं आणि नवीन मिळायला वर्ष लागणार होतं. डॉक्टरसाहेबांची बदली त्यांच्या गावाकडे व्हायच्या बेतात होती. त्यांनी लिहून दिलं, की आपण रोग्याजवळ होतो, यंत्र उतरवल्याचं आपल्याला नंतर कळलं. ते दुष्ट नव्हते. भ्यायले होते. चौकशीत माझी साक्ष होती, तिच्या आदल्या दिवशी मामा माझ्याकडे आले.

"बाई, तुम्हाला काय ऐकू आलं, ते तुम्ही सांगू नका."

"का? साहेब म्हणाले होते. मी ऐकलंय."

"व्हय. पण तुमची नोकरी अजून पक्की नाय. साहेबाविरुद्ध बोललात तर ती पक्की व्हायची नाय. माझी झालीय. मला काढत नसत्यात, फार तर गाडीवरून उतरवतील."

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की गोंधळात मला काही नीट ऐकू आलं नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं होतं, ते आणखी काही विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

मामांना गाडीवरून उतरवलं. खात्याच्या वर्कशॉपमध्ये टायरांच्या गोदामात बसवलं आणि दोन वेतनवाढी रोखल्या. मी अधूनमधून तिथे जायची. जुन्या टायरांच्या ढिगांमध्ये ते स्टुलावर बसलेले असत. नव्या ड्रायव्हरांना हवा मोजायला, सामान लावायला तेच शिकवू लागले होते. कुणी उद्धटपणे "मामा, अंदाजानं चालतं हो" म्हटलं, तर ते त्याला पाण्याचा अर्धा डबा उचलायला लावत. माझ्याशी ते पहिल्यासारखंच बोलत. नव्या जीपबद्दल, रस्त्यांबद्दल, नव्या साहेबांच्या वजनाबद्दल. त्या चौकशीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. दर वेळी जाताना ठरवायची, आणि दर वेळी तसंच परत यायची.

आठ वर्षांनी ते निवृत्त झाले. कचेरीच्या हॉलमध्ये निरोपाचा समारंभ होता. हार, नारळ, शाल. मामा पांढरं धोतर आणि नवा सदरा घालून खुर्चीच्या टोकावर बसले होते. तीन-चार भाषणं झाली, सगळी ठरावीक. मग कुणीतरी म्हणालं, बाईंनी दोन शब्द बोलावेत.

मी उठले आणि शिवनेच्या काठचा तो दिवस सांगितला. सगळा. "मशीन बी, साहेब?" हे मामांचं वाक्य आणि त्याला मिळालेलं उत्तरही. मग म्हणाले, "चौकशीत मी खोटं बोलले. मला सगळं ऐकू आलं होतं. मामांनी यंत्र स्वतःच्या मनानं उतरवलं नव्हतं." आमचे वरिष्ठ खाली टेबलाकडे बघत राहिले. मी बसले.

समारंभ संपल्यावर मामा मला बाहेर, अंगणात गाठायला आले. मी रडायच्या बेतात होते. म्हटलं, "मामा, आठ वर्षं उशीर झाला मला."

"झाला," ते म्हणाले. इतकी वर्षं गप्प राहिलेला तो माणूस खोटं समाधान द्यायला तयार नव्हता. मग त्यांनी मागे वळून, पायरीवर थांबलेल्या आपल्या ठेंगण्या, नऊवारीतल्या बायकोकडे मानेनं खूण केली. "पण आज ही समोर बसली होती ते बरं झालं. मी सांगायचो, तर तिला वाटायचं, माझ्या हातूनच मशीन फुटलं अन् मी कुणावर तरी ढकलतोय."

ती बाई पायऱ्या उतरून आली. मामांच्या खांद्यावरची शाल एका बाजूला घसरली होती, ती तिनं दोन्ही हातांनी नीट सारखी केली आणि त्यांच्या हातातला नारळ आपल्या पिशवीत घेतला. मग दोघं फाटकातून बाहेर पडली. रिक्षा न करता, बोलत बोलत, शहागंजच्या बाजूला चालत गेली.