राखेच्या पाण्यात चुना

तेल वर, राखेचं पाणी खाली. तीन तास उकळूनही दोघं एकमेकांना धरेनात.

महायुद्धाची वर्षं. मी मुरबाडच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत खरूज पसरली होती. गंधकाचं मलम होतं, पण खपल्या साबणानं धुतल्याशिवाय ते आत पोचत नाही. मुंबईहून साबण येईना. कॉस्टिक सोडाही मिळेना.

डॉक्टर म्हणाले, "केमिस्ट्री शिकलात ना? मग करा साबण."

तेल आणि जहाल क्षार एकत्र उकळले की साबण होतो. क्षारासाठी मी केळीच्या खुंटांची राख पाण्यात भिजवून गाळली होती. तेल मोहाच्या बियांचं. ते आणून देणारी भीमी, ठाकरवाडीतली म्हातारी, ओसरीवर बसून बघत होती. मांडीवरची नात रक्त येईस्तोवर खाजवत होती.

भीमीनं उरलेल्या राखेच्या पाण्यात बोटं बुडवून चोळली.

"याला दम नाय रे. हात बुळबुळत नाय. चुना घाल."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगल? बालंतिणीची फडकी आमी अशीच धुतो."

मी हातातला दांडा खाली ठेवला. राखेतला क्षार सौम्य असतो. चुना घातला की त्यातला काही भाग खडू होऊन तळाशी बसतो, वर जहाल क्षार उरतो. हे समीकरण मी परीक्षेत लिहून आलो होतो. आणि बोटं बुळबुळतात, कारण कातडीवरच्या तेलाचाच साबण व्हायला लागतो. म्हातारी बोटांवर साबण करून बघत होती.

राखेच्या त्या पाण्यात चुना घालून उकळलं. वरची निवळ तेलात ओतली. हळूहळू तेलाचा तवंग दिसेनासा झाला आणि दांड्याला पिवळसर लगदा चिकटू लागला. चिमूटभर लगदा पाण्यात हलवला. फेस आला. साबणाच्या कणाचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी. पुस्तकातलं हे वाक्य त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

राखेचा साबण वडी धरत नाही, मऊच राहतो. आधी माझ्या दंडावर चोळला. चुरचुरला नाही. मग भीमीच्या नातीला धुतलं, मलम लावलं. पंधरा दिवसांत तिची खाज गेली. पुढे वाडीवाडीला साबणाची मडकी गेली.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या पुस्तकात सापडलं?"

"माझ्याच," मी म्हणालो. "पान भीमीनं काढून दिलं."