गेटपाशी उभा असलेला पाईप

सुकापूरच्या आमच्या इमारतीचं काम बघणारा बिल्डरचा इंजिनिअर कधीच आवाज चढवत नाही. त्याचाच मला जास्त संताप येतो. पाण्याचं विचारलं की गेटजवळ जमिनीतून वर आलेला निळा पाईप तो बैलाची पाठ थोपटावी तसा थोपटतो. "काका, लाईन आलीय. फक्त कनेक्शन बाकी. झालंच समजा." त्या भरवशावर आम्ही राहायला आलो आणि अजून टँकरची वाट बघतोय.

परवा माळी तिथे जास्वंद लावायला खणत होता, तर पाईप मुळ्यासारखा उपटून वर आला. खाली नुसती माती! मी इंजिनिअरला बोलावून दाखवलं. लाजायचं सोडून त्याने पाईप परत खड्ड्यात उभा केला आणि बुटाने माती दाबली. "असू द्या काका, लाईन येईल ती इथेच येणार ना!"

रविवारी तो एका जोडप्याला शेजारच्या विंगमधला फ्लॅट दाखवायला घेऊन आला. गेटपाशी थांबून त्याने पाईप थोपटला. "पाण्याचं झालंच समजा, मॅडम."

मी पुढे झालो, पाईप उपटला आणि त्या बाईंच्या हातात दिला.

"धरा," म्हटलं, "हीच ती लाईन."