दुसरी सही

नियम माझाच होता. दुर्मिळ पक्षी दिसला, तर दोघांनी पाहून वहीत सह्या केल्याशिवाय नोंद धरायची नाही. चंडीगडला बदली होऊन आल्यावर सुखना तलावावरच्या हिवाळी पाहुण्यांची मोजदाद सुरू केली, तेव्हाच तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. बायको म्हणायची, "ऑफिसातल्या लोकांना छळता ते पुरत नाही, आता बदकांच्याही मागे लागा."

माझा दुसरा साक्षीदार म्हणजे मुल्लानपूरचे एक निवृत्त मास्तर. निळी पगडी, पांढरी दाढी आणि माझ्या दुर्बिणीपेक्षा तेज डोळे. खलिस्तानी दहशतवादाची ती वर्षं. पंजाबात रोज कुठे ना कुठे गोळीबार व्हायचा, पण मास्तर दर रविवारी धुक्यातून स्कूटर काढून मला न्यायला यायचे. मला ते 'वीरजी', म्हणजे भाऊ, म्हणायचे.

त्या रविवारीही आधी त्यांनीच पाहिलं. "वीरजी, वो देखो, गालों पे पीला-हरा." नेहमीच्या बदकांत एकच नर, गालांवर काळ्या रेघांची नक्षी. बैकल टील, सैबेरियातलं बदक! आमच्या भागात तो दिसल्याचं मी कुठेच वाचलं नव्हतं. आम्ही सह्या केल्या. त्यांची गुरुमुखीत, ठसठशीत.

परतताना पोलीस नाक्यावर अडवलं. दुर्बीण बघून शिपायाने वही मागितली आणि मोठ्याने वाचू लागला, "सात दहा. चाळीस, उत्तरेकडून. सात पंचवीस. पाच, गवतात लपलेले." मग त्याने वर पाहिलं. "ये चालीस कौन हैं?"

"बत्तख हैं जी," मी म्हणालो. माझी पाचावर धारण बसली होती. पुढच्याच पानावर ती गुरुमुखी सही होती.

त्याने पान उलटलं नाही. मास्तरांकडे बोट करून विचारलं, "ये आपके कौन हैं?"

"कोई नहीं जी. बस, इन्होंने लिफ्ट दी है."

मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. माझं सरकारी ओळखपत्र बघून मला वहीसकट सोडलं. त्यांना चौकशीसाठी बसवून ठेवलं. मी रिक्षाने घरी आलो, जेवलोसुद्धा. आजही त्याची लाज वाटते.

पक्ष्यांच्या नोंदी छापणाऱ्या पत्रिकेला पत्र लिहिताना मी फक्त माझंच नाव घातलं. पोलिसांनी बसवून ठेवलेल्या माणसाशेजारी आपलं नाव छापून आलं तर नोकरीवर गदा येईल, अशी भीती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पुढच्या रविवारी मास्तर नेहमीच्या वेळेला दारात हजर. संध्याकाळी सोडलं, एवढंच म्हणाले. मग विचारलं, "अपनी टील की चिट्ठी भेज दी?"

"भेज दी," मी म्हणालो. नाक्यावरच्या त्या शब्दांबद्दल मी माफी मागितली नाही, ना तेव्हा, ना नंतर.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. दुसऱ्या निरीक्षकाचं नाव नसल्यामुळे नोंद स्वीकारता येत नाही. माझाच नियम मला परत आला होता. मास्तरांना मी कारण सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "उन्होंने माना नहीं."

त्यांना वाटलं, मी खचलो आहे. स्कूटर थांबवून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दिल छोटा मत करो, वीरजी. कोई माने ना माने, हम दोनों ने देखी है ना?"

मी मान डोलावली आणि मागे बसलो.