टेलला आधी

दारावर तीनदा टकटक व्हायची. मग क्षणभर शांतता, कारण तो माणूस हातातलं गजराचं घड्याळ कानाशी धरून ते चालतंय ना याची खात्री करत असे. आणि मग आवाज यायचा, "एकशे बारा! नेट सुटलं! चला लवकर, वीस मिनिटं हायत!"

हिंगोलीच्या त्या हॉटेलात त्या काळात तुम्ही कधी उतरला असाल, तर हा आवाज तुम्ही विसरला नसणार. धरणातून पाणी सुटतं, तसं त्या माणसाच्या लेखी इंटरनेट सुटायचं. जन्मभर त्यानं सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाटकरी म्हणून काम केलं होतं. म्हणजे कोणत्या शेतकऱ्यानं किती वाजता शेताकडं पाणी नेणाऱ्या चारीचं दार उघडायचं आणि किती वाजता बंद करायचं, हे तो ठरवायचा. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्याला ते घड्याळ दिलं होतं. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो.

मी बियाणे कंपनीचा प्रतिनिधी. महिन्यातून दोन-तीनदा हिंगोलीत मुक्काम. कंपनी मला सगळ्यात स्वस्त खोलीचं भाडं द्यायची, म्हणून एकशे बारा माझी ठरलेली. बोळाच्या अगदी शेवटी, जिन्याखालच्या पंपाला लागून.

हॉटेलचे मालक हळदीचे व्यापारी. ते एकदा हैदराबादच्या एका बड्या हॉटेलात राहून आले आणि येताना तीन गोष्टी डोक्यात घेऊन आले: कारंजं, बाथरोब आणि इंटरनेट. कारंजं स्वागतकक्षात बसलं, पण ते फक्त लाल दिव्याची गाडी किंवा कुणी बडा पाहुणा आला की उडायचं. बाथरोब दोनच होते आणि ते एकशे एक आणि एकशे दोन या दोन महागड्या 'सूट'साठी राखीव होते. एकदा कापसाचा एक व्यापारी त्यातला एक थंडीचा कोट समजून अंगावर घालून समोरच्या टपरीवर चहाला गेला आणि दोन ओळखीच्या माणसांना भेटूनही आला. 'चोवीस तास गरम पाणी' अशी पाटी होती. ते सकाळी सहा ते आठ यायचं.

राहिलं इंटरनेट. काचेच्या एका खोक्यात एक संगणक आणि दारावर 'बिझनेस सेंटर' अशी पाटी. टेलिफोनची लाइन एकच. दिवसभर तिच्यावर हळदीचे भाव यायचे, म्हणून नेट संध्याकाळी सात ते नऊ. सुरुवातीला जो आधी बसला तो बसला, असा कारभार होता. एकशे एकवाला साहेब सातला बसायचा तो नऊला उठायचा. बाकीचे पाहुणे काचेबाहेर चुळबुळ करायचे. एकदा तर खतवाला आणि औषधवाला एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले.

मामा तिथं रखवालदार म्हणून नुकताच लागला होता. दोन संध्याकाळी त्यानं हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मालकांना म्हणाला, "मालक, हे तर आमच्या चारीवरलं भांडण हाय. द्या मह्याकडं."

त्या दिवसापासून नेटची पाळी लागली. कालव्याची सुरुवात म्हणजे हेड आणि शेवट म्हणजे टेल, हे इंग्रजी शब्द आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतात. पाणी वाटायचा नियम एकच, टेलला आधी. मामानं तो जसाच्या तसा हॉटेलात आणला. एकशे एक स्वागतकक्षाला लागून, म्हणजे हेड. एकशे बारा टेल. पहिली पाळी माझी.

मी एकदा त्याला विचारलं, "मामा, सगळ्यात जास्त भाडं देणाऱ्याला सगळ्यात शेवटी, हे कसं काय?"

"हेडवाल्याच्या दारातूनच पाणी जातं साहेब. त्याला कवाबी मिळतं. टेलवाल्याला आधी न्हाई दिलं, तर त्याला कधीच मिळत न्हाई."

वीस मिनिटांची पाळी. मामा संगणकाकडे पाठ करून दारात उभा राहायचा. आत कोण काय उघडून बसलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. "कोन ऊस लावतो, कोन जवारी, ते पाटकऱ्यानं बघायचं न्हाई," म्हणायचा. घड्याळ वाजलं की मंत्री असो नाहीतर मिस्त्री, उठायचं. सूट एकाच बाबतीत. भिजायला लागलेली सरी अर्धी सोडायची नाही. म्हणजे तुमचं पत्र निघालं असेल आणि वाटेत असेल, तर ते पोचेपर्यंत बसू द्यायचं.

त्याचा खरा शत्रू वरच्या मजल्यावर होता. तिथं मालक राहायचे आणि त्याच लाइनीचा दुसरा फोन मालकीणबाईंच्या पलंगाजवळ होता. त्यांनी बहिणीशी बोलायला रिसीव्हर उचलला की खाली नेट तुटायचं. मग मामा जिन्यात उभा राहून ओरडायचा, "बाईसाहेब, वरून चारी फोडू नका! खाली टेल कोरडी पडून राहिली!" पगार देणाऱ्याच्या बायकोवर असा ओरडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण त्याच्या राज्यात आम्हा शेवटच्या खोल्यांना सुख होतं. माझा रोजचा अहवाल नऊच्या आत पोचला नाही तर कंपनी त्या दिवसाचा खाडा धरायची. मामा आल्यापासून माझा एकही खाडा पडला नाही. अभिप्रायाच्या वहीत एका पाहुण्यानं लिहिलेलं मला पाठ आहे: 'गरम पाणी नाही. कारंजे बंद. डास आहेत. पण नेट मिळाले.'

आणि मग ती संध्याकाळ आली. मी ती सांगायचं बरीच वर्षं टाळलं आहे.

दुपारी हॉटेलात शिरलो तर कारंजं उडत होतं. कुठल्याशा नव्या कारखान्याचा मोठा साहेब एकशे एकमध्ये उतरला होता. त्याला आपल्या इंजिनियरांसाठी वर्षभर आठ खोल्या हव्या होत्या. हॉटेल पसंत पडलं तर मालकांचं वर्ष निघणार होतं. मालक मामाला माझ्यासमोरच म्हणाले, "मामा, आजच्या दिवस एकशे एकला आधी. त्याला आठच्या आत टेंडर धाडायचंय. हा माणूस नाराज होऊन गेला, तर उद्या तुम्हीपण गावाकडं जा."

मामा "बघतो" म्हणाला. मालकांना तो होकार वाटला. मला माहीत होतं की मामाचं 'बघतो' म्हणजे नाही.

मालक गेल्यावर मी म्हणालो, "मामा, घ्या ना ऐकून. नोकरीचा प्रश्न आहे."

तो घड्याळाला चावी देत राहिला. "घरी काय हाय साहेब? घड्याळाला चावी द्यायची आन् ते वाजायची वाट बघायची. हितं ते वाजलं की कोनीतरी उठतं तरी." मग म्हणाला, "आज दोघंच हायत. तुमी आन् ते. वीस मिनिटांत काय कालवा फुटतो व्हय?"

मी तेव्हाच माझी पाळी त्या साहेबाला द्यायला हवी होती. दिली नाही, कारण त्या दिवशी माझंही एक काम होतं. पुण्याहून ताईचा फोन आला होता. जालन्याकडच्या एका मुलीचा फोटो भावजींनी ईमेलनं पाठवला होता. मुलीला रविवारी दुसरे लोक पाहायला येणार होते, म्हणून आमचं हो किंवा नाही सकाळपर्यंत कळवायचं होतं. मी न पाहताच हो म्हणायला तयार होतो. ताई म्हणाली, नीट बघून सांग, मागाहून माझ्या नावानं खडे फोडशील.

सातला टकटक झाली. मी आधी अहवाल पाठवला, मग फोटो उघडला. भावजींनी तो एवढा मोठा पाठवला होता की वरून खाली, ओळीओळीनं उतरायला लागला. पाच मिनिटं नुसता स्टुडिओचा निळा पडदा. मग भांग. मग कपाळ, त्यावर टिकली. मग एक भुवई आणि जरा वेळानं दुसरी.

काचेबाहेर साहेब बाथरोबवरच येऊन उभा राहिला. "कितना टाइम?"

"साब, टेल का पानी चालू है," मामा म्हणाला. "तुम्हारा नंबर इसके बाद."

"मेरा सूट है!"

"सूट हेड पे है ना साब. हेड को बाद में."

डोळे उतरले. नाक उतरायला लागलं आणि घड्याळ वाजलं. मी उठायला लागलो. खरंच उठत होतो. पण मामानं आयुष्यात पहिल्यांदा मान वळवून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. नाकापर्यंत आलेली मुलगी पाहिली, माझं तोंड पाहिलं आणि काय ते समजला.

"बसा," म्हणाला. "अर्धी सरी सोडत न्हाईत."

साहेब आत शिरला. आम्ही तिघंही आता पडद्याकडे पाहत होतो. वरचा ओठ दिसायला लागला, आणि वरच्या मजल्यावर मालकीणबाईंनी फोन उचलला.

नेट तुटलं. मामा जिन्याकडे धावला. त्याचा "बाईसाहेब, चारी!" सगळ्या हॉटेलानं ऐकला असेल. लाइन पुन्हा जोडली तर फोटो पहिल्यापासून, निळ्या पडद्यापासून सुरू झाला. साहेबानं आधी पडद्याकडे, मग मनगटाकडे पाहिलं आणि किंचाळला, "शादी इसकी, और टेंडर मेरा डूबेगा!" मामा दारात आडवा उभा. "साब, चालू सरी है, तोडने को नहीं आता." साहेब पाय आपटत खोलीत गेला, कपडे बदलले आणि कागद घेऊन गावात इंटरनेटची टपरी शोधायला बाहेर पडला.

आठला दहा कमी असताना हनुवटी उतरली. हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ होता.

"झाली का पुरी?" मामानं विचारलं.

"झाली."

"उठा मंग." तो घड्याळ घेऊन बाहेर गेला आणि रिकाम्या सोफ्यासमोर उभा राहून नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "एकशे एक! नेट सुटलं!" कारंजं उडत होतं. दुसरं कुणी नव्हतं.

सकाळी साहेब चहा न घेता निघून गेला. मालक मामाला सगळ्यांसमोर बोलले. मी बॅग घेऊन तिथंच उभा होतो. चूक माझी आहे, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. मला सेनगावची गाडी धरायची होती, म्हणून मी ते म्हटलं नाही. गाडी अर्धा तास उशिरा सुटली. त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते.

पुढच्या खेपेला गेलो तर संगणकासमोर एक चुणचुणीत मॅनेजर बसला होता आणि पाळी हेडकडून होती. दोन दिवसांत माझे दोन खाडे पडले.

लग्नानंतर आम्ही दोघं औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो आणि तिथून जीपनं मामाच्या गावी. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. मामा ओसरीवर बसला होता, घड्याळ शेजारी. त्यानं चष्मा पुसला आणि तिच्याकडे कपाळापासून खाली सावकाश पाहत आला. हनुवटीशी थांबला.

"तीळ हाय," म्हणाला. "बराबर. पुरी भिजली."

ती त्याच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, तुमच्यामुळं हनुवटी पोचली. नाहीतर यांनी नाकावरच ठरवलं असतं." मामा इतका हसला की त्याला ठसका लागला.

चहा आला. मी जावयाच्या तोऱ्यात त्याच्या शेजारी बाजेवर बसलो होतो, म्हणून हात पुढे केला. मामानं पहिला कप उंबऱ्याजवळ अंग चोरून बसलेल्या माझ्या बायकोला पाठवला. मग दारातल्या शेजाऱ्याला, मग सुनेला. मला सगळ्यात शेवटी. तोवर चहावर साय धरली होती.

मी धीर करून म्हटलं, "मामा, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली."

"तुमच्यामुळं काहून? नियमामुळं गेली. नियमामुळं गेली तर चालते." मग त्यानं विचारलं, "आता तिथं टेलला मिळतं का?"

"मिळतं," मी खोटं बोललो.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेला. मला महिनाभरानं कळलं.

त्यानंतर लगेच कंपनीची बैठक हैदराबादला होती. हिंगोलीच्या मालकांनी जिथून कारंजं उचललं असेल तसलंच हॉटेल. तिथं कारंजं दिवसभर उडत होतं, गरम पाणी खरोखर चोवीस तास होतं आणि बाथरोब प्रत्येक खोलीत. नेट तर म्हणे हवेतून. माझी खोली लांबलचक बोळाच्या शेवटी होती. नेट काही येईना. खाली फोन केला, तर थोड्या वेळानं टाय लावलेला एक माणूस फळांची टोपली आणि माफीचं पत्र घेऊन आला.

"माझी पाळी कधी?" मी विचारलं.

"सर, इथे पाळी नसते," तो नम्रपणे म्हणाला. "इथे सगळ्यांना एकदमच मिळतं. फक्त शेवटच्या खोल्यांपर्यंत पोचत नाही."

तो गेला. सात वाजायला आले होते. मी अहवाल तयार ठेवून खुर्चीत बसून राहिलो आणि कान दाराकडे होते, हे बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं. दारावर कुणीच टकटक केली नाही.

सकाळी हॉटेल सोडताना त्यांनी एक गुळगुळीत कागद पुढे केला. खोली कशी वाटली, जेवण कसं वाटलं, इंटरनेट सेवा कशी वाटली. बाकी सगळीकडे मी 'उत्तम' लिहिलं. इंटरनेटपुढे मराठीत लिहिलं, 'टेलला पोचत नाही. एक पाटकरी नेमावा.'